वेचलेले आणि घडविलेले

हस्तकलेच्या आनंदाविषयी बोलावयास कामगार संघटनेचा कार्यकर्ता उभा राहिला म्हणजे श्रोत्यांपैकी काहींना नवल वाटते. पगारवाढ, बोनस, कामाचे तास हे आमचे नेहमीचे विषय. शंखशिंपले, बांबूची सुपे आणि तांब्याचे बंब यांच्याशी आमचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो चांगला जवळचा आहे. मनुष्याला हाताने काही घडविण्यात आनंद का होतो, याचा शोध घेऊ लागले की, कारखान्यात आठ तास राबणाऱ्या मनुष्याला तो आनंद का होत नाही, या प्रश्नापाशी येऊन थांबावे लागते. आम्हांला तर हा दुसराच प्रश्न अधिक निकडीचा वाटतो.

स्वारगेटच्या एस. टी. स्थानकावर मे महिन्याच्या अखेरीस दापोली, श्रीवर्धन, रत्नागिरी या बाजूंच्या गाड्या रिकाम्या होताना पाहाव्यात. आंब्याच्या पेट्या, फणस, कोकमाच्या बाटल्या हे सारे ओळखीचे सामान उतरते. आणि त्याच्या जोडीला मुलांच्या खिशांत, आजीच्या पिशवीच्या तळाशी, रुमालाच्या गाठीत बांधलेले शिंपले, गुळगुळीत गोटे, लाटांनी झिजवलेला लाकडाचा एखादा वाकडा तुकडा. घाट चढून आलेल्या या ऐवजाला बाजारात एक पैसाही मिळणार नाही. तरीही गाडीत विसरलेला शिंपला परत आणण्यासाठी कंडक्टरची मनधरणी करणारा मुलगा आपल्याला दिसतो. पुण्यात रस्त्यावर पडलेली वस्तू उचलावयास जो गृहस्थ सहसा वाकत नाही, तोच किनाऱ्यावर सकाळपासून शंभर वेळा वाकतो. ज्या वस्तूवर कोणाचा मालकी हक्क नाही, जिची किंमत कोणी ठरविलेली नाही, आणि जी निवडताना केवळ आपल्याच डोळ्याचा निवाडा चालतो, ती उचलण्यात एक निराळे स्वातंत्र्य आहे. पगारी मनुष्याच्या वाट्याला असे स्वातंत्र्य दिवसातून फार थोडे येते.

आता हा शिंपला म्हणजे काय, हे थोडे नीट पाहू. शिंपल्यातील प्राण्याच्या अंगाभोवती एक मऊ पडदा असतो. तो समुद्राच्या पाण्यातील चुना घेऊन, त्यात अल्पसे चिवट सेंद्रिय द्रव्य मिसळून, थरावर थर चढवीत जातो. घर वाढते ते काठाकडून. म्हणून शिंपल्यावरील रेघा या त्याच्या वाढीच्या नोंदी होत. शंखाचा पीळही असाच वाढतो. बहुतेक शंखांचा पीळ एकाच बाजूचा असतो, आणि उलट्या पिळाचा शंख क्वचित सापडतो म्हणून त्याचे माहात्म्य. आमच्याकडे त्याला दक्षिणावर्ती म्हणतात. शास्त्रज्ञ मात्र शंखाचे टोक वर धरून तोंड आपल्याकडे करतात आणि त्याच शंखाला डावा म्हणतात. आपण शंख पालथा धरतो, एवढाच फरक! दोघेही आपापल्या परीने बरोबर आहेत. या दुर्मिळपणापायी खोटे दक्षिणावर्ती शंख खपविणारे लोकही निपजले, हे ओघानेच आले.

किनाऱ्यावरील वेच्यातून मनुष्याने काय काय केले, याचा इतिहास लांबलचक आहे. गुजरातच्या किनाऱ्यावरील नागेश्वर येथे सिंधू संस्कृतीच्या काळी, म्हणजे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी, शंख कापून बांगड्या करण्याचे कारखानेच होते. बंगालमध्ये सौभाग्याचे लेणे म्हणून शंखाच्या बांगड्या आजही चालतात, आणि तो घडविणाऱ्या शांखारी जमातीला नाव त्या धंद्यावरूनच मिळाले. कवडी मालदीव बेटांतून येई आणि चलन म्हणून चाले. ते चलन गेले. भाषेत ‘कवडीमोल’ आणि ‘फुटकी कवडी’ राहिली, आणि तुळजाभवानीच्या भुत्याच्या गळ्यात कवड्यांची माळ राहिली. कोकणात शिंपले भाजून चुना करीत, त्यावर घरे उभी राहिली.

पण आम्हांला सर्वांत मोह पडतो तो गोव्याच्या खिडक्यांचा. काच महाग होती त्या काळी तेथील कारागिरांनी एका चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्याचे चौकोनी तुकडे कापून ते लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत ओळीने बसविले. जुन्या घरांत आणि चर्चमध्ये अशी तावदाने अद्याप आढळतात. त्यांतून बाहेरचे दृश्य दिसत नाही, पण दुपारचे रणरणते ऊन गाळून दुधासारखे मऊ होऊन आत येते. काच स्वस्त झाली आणि हे काम मागे पडले. काचेतून दिसते अधिक. परंतु तसला उजेड काही ती देत नाही.

आता समुद्रावरून आपल्या गावात येऊ. कसबा पेठेच्या बाजूला तांबट आळी आहे. पेशवाईत येथे वसलेल्या तांबटांच्या घरांत तांब्याचा पत्रा ठोकून भांडी घडविण्याचे काम चालत आले. या कामातील एक मर्म सांगण्यासारखे आहे. तांबे ठोकले की ते कठीण होत जाते, आणि तसेच ठोकीत राहिले तर चिरते. म्हणून मधून मधून ते तापवून लाल करावे लागते. मग ते पुन्हा मऊ होते. शेवटी मात्र ते तापवावयाचे नाही. सबंध अंगावर शेजारी शेजारी, सारख्या अंतराने हातोडीचे ठोके देत जावयाचे, यालाच मठारकाम म्हणतात. त्या खळग्यांवर उजेड चमकतो हे खरे, पण ते निव्वळ शोभेसाठी नव्हेत. त्या ठोक्यांनीच भांड्याला ताठरपणा येतो. म्हणजे ज्याला आपण नक्षी म्हणतो ती वस्तुतः मजबुती आहे. ठोका बरोबर पडला की नाही हे कारागीर कानाने ओळखतो. हात, डोळा, कान आणि डोके अशी चारही एका वेळी कामात गुंतलेली असतात. आनंद म्हणतात तो येथे उपजतो.

कारखान्यात हीच चार जणांची टोळी फोडली गेली. अॅडम स्मिथने 1776 च्या आपल्या ग्रंथात टाचण्यांच्या कारखान्याचा हिशेब दिला आहे: दहा माणसांनी काम वाटून घेतले तर दिवसाला 48,000 टाचण्या होतात. हिशेब बिनचूक आहे. स्वस्त टाचणी, स्वस्त कापड, स्वस्त सायकल यांचा लाभ आम्हां कामगारांनाच अधिक झाला, हेही कबूल केले पाहिजे. यंत्रे मोडून टाका असे सांगणाऱ्यांपैकी आम्ही नव्हेत. तथापि सबंध आयुष्य टाचणीचे टोक घासण्यात घालविणाऱ्या मनुष्याचे काय झाले? रस्किनने 1853 मध्ये लिहिले ते याच मुद्द्यावर, की वाटणी कामाची होत नाही, माणसाची होते. त्याचे ते प्रकरण विल्यम मॉरिसला इतके मोलाचे वाटले की 1892 मध्ये त्याने ते आपल्या छापखान्यात स्वतंत्रपणे छापले. मार्क्सने 1844 च्या टिपणांत हेच निराळ्या वाटेने मांडले: कामगार काम करीत नसतो तेव्हाच त्याला आपण आपल्या घरी आहोत असे वाटते. ती टिपणे छापून यावयास 1932 साल उजाडले.

याचा उलटा पुरावाही आहे, आणि तो आम्हांला अधिक बोलका वाटतो. हंगेरीतील मिक्लोश हरास्ती या लेखकाने 1970 नंतरच्या काळात बुडापेस्टच्या एका ट्रॅक्टर कारखान्यात नगावर मजुरी घेऊन यंत्रावर काम केले, आणि त्या अनुभवाचे पुस्तक लिहिले. त्यापायी त्याच्यावर खटलाही झाला. त्यात तो सांगतो, की घड्याळाशी शर्यत करून थकलेले हेच कामगार चोरलेल्या मिनिटांत, टाकाऊ तुकड्यांतून, स्वतःसाठी लहानसहान वस्तू करीत. त्यांना मजुरी नव्हती, पकडले गेल्यास शिक्षा होती. तरी त्या वस्तूंवर ते जीव टाकीत, कारण कल्पना त्यांची, माप त्यांचे आणि शेवटचा हातही त्यांचाच. यंत्र तेच, लोखंड तेच, मनुष्य तोच. बदलला तो फक्त हुकूम कोणाचा एवढाच भाग. तेव्हा आनंदाचा शत्रू यंत्र आहे, असे म्हणून चालणार नाही.

वेचण्याविषयीही एक गोष्ट राहिली. किनाऱ्यावर वेचणाऱ्याला आपण रसिक म्हणतो आणि शहरात वेचणारीला कचरावाली. डोळा दोघांचाही तसाच तयार असतो. नुसत्या स्पर्शाने आणि आवाजाने प्लास्टिकच्या जाती वेगळ्या करणाऱ्या बाया पुण्यात आहेत. फरक इतकाच, की एकीचे पोट त्यावर आहे. या कष्टकऱ्यांनी 1993 मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही आपली संघटना उभी केली, महापालिकेच्या शिक्क्याची ओळखपत्रे मिळविली, आणि पुढे ‘स्वच्छ’ या त्यांच्या सहकारी संस्थेचा 2008 मध्ये महापालिकेशी करार झाला. वेचणे हे काम आहे, ही गोष्ट कागदावर यावयास एवढा लढा लागला.

म्हणून हौसेने हस्तकला करणाऱ्या आणि विकत घेणाऱ्या मंडळींना आमची एक विनंती आहे. बुरूड आळीत सुपाची किंमत ऐकून ‘हाताने तर केले आहे, एवढे कसले?’ असे म्हणू नये. बांबू चिरणे, सल काढणे, त्या सारख्या जाडीच्या तासणे, मग विणणे, काठ बांधणे यांचे तास मोजावेत आणि आपल्या स्वतःच्या तासाला आपण काय घेतो तेही मोजावे. सरकारने 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू केलेल्या विश्वकर्मा योजनेत टोपल्या विणणारे, खेळणी करणारे, मासेमारीची जाळी विणणारे धरून अठरा धंदे आहेत. हत्यारांना पैसे आणि कमी व्याजाने कर्ज मिळते. चांगले आहे. परंतु कर्ज फेडावयाचे ते विकलेल्या मालाच्या किमतीतूनच, आणि ती किंमत गिऱ्हाईकाच्या हाती असते.

जे स्वतः वेचून काही करू इच्छितात त्यांच्यासाठी व्यवहाराच्या चार गोष्टी सांगून थांबतो. जिवंत प्राणी असलेला शंख उचलू नये. रिकामा दिसणारा शंखही उलटा करून पाहावा. शंखात राहणाऱ्या खेकड्याला स्वतःचे घर बांधता येत नाही, तो दुसऱ्याने सोडलेल्या घरातच वाढतो. स्पेनच्या एका किनाऱ्यावर सुमारे तीस वर्षांच्या अंतराने मोजणी झाली, तेव्हा प्रवासी तिपटीच्या घरात गेले होते आणि शिंपले निम्म्याहून कमी उरले होते. काही जातींचे शंख आणि पोवळी 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आली आहेत. त्यांचा मेलेला तुकडा बाळगणेही गुन्हा ठरू शकतो, तेव्हा दुकानातले मोठे, झगमगीत शंख घेताना सावध असावे. खरे बिनघोर साहित्य म्हणजे कोकणात तिसऱ्या, कालवे खाऊन झाल्यावर घरामागे पडणारा शिंपल्यांचा ढीग. तो मागितला तर कोणी नाही म्हणत नाही.

शिंपले आणल्यावर गोड्या पाण्यात काही दिवस ठेवावेत आणि पाणी रोज बदलावे, म्हणजे खार निघून जातो. अॅसिड लावू नये. शिंपला चुन्याचा असल्याने तो विरघळतो आणि तकाकी कायमची जाते. भोक पाडताना शिंपला ओला ठेवावा आणि हात सावकाश चालवावा. ओल्या शिंपल्याची भुकटी उडत नाही, नाहीतर ती छातीत जाते.