तारीख एक, सण किती!

आपल्याकडे ६ जानेवारी म्हणजे पत्रकार दिन. १८३२ साली याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ हे वृत्तपत्र निघालं. पण ही तारीख भलतीच गजबजलेली आहे! गोव्यात कासावलीला बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांचं फेस्त असतं. मुकुट-झगे घातलेले तीन मुलगे घोड्यांवरून टेकडीवरच्या कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, जातात. ग्रीसमध्ये पाद्री थंडगार समुद्रात क्रूस फेकतात आणि तो मिळवायला पोहणारे धडाधड उड्या मारतात. माझी लाडकी मात्र इटलीची बेफाना! झाडूवर बसून येणारी ही म्हातारी शहाण्या पोरांच्या मोज्यात खाऊ ठेवते, वांड पोरांच्या मोज्यात कोळसा. हल्ली तो कोळसाही काळ्या रंगाच्या साखरेचा मिळतो. मग शिक्षा कसली, सांगा!