‘तुरुंग’ शब्दाचे मूळ: गैरसमज आणि वस्तुस्थिती

छत्रपती संभाजीनगरातील हर्सूल येथील मध्यवर्ती कारागृहाचा उल्लेख लोकांच्या बोलण्यात ‘हर्सूलचा तुरुंग’ असाच होतो. मात्र ‘तुरुंग’ हा शब्द संस्कृत ‘तुरंग’ म्हणजे घोडा यापासून आला आणि कैद्यांना पागेत डांबत म्हणून तो रूढ झाला, हा समज कितीदा खोडला तरी पुन्हा डोके वर काढतो. या समजाला उच्चारसाम्याखेरीज कसलाही आधार नाही. संस्कृतात ‘तुरंग’ म्हणजे कैदखाना असा अर्थ नाही. शिवाय शब्द संस्कृतातून उतरला असता, तर तो याच अर्थाने हिंदीतही रुळलेला दिसला असता. तो आढळतो मराठीत, कोकणीत, गुजरातीत आणि थेट मलय भाषेत, म्हणजे जेथे पोर्तुगीजांचा अंमल वा वावर होता त्या किनाऱ्यांवरील भाषांत.

गोमंतकीय कोशकार सेबास्तियांव रुदोल्फ दालगाद यांनी आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांवरील 1913 च्या ग्रंथात या शब्दाचे मूळ पोर्तुगीज ‘त्रोंको’ असे दिले आहे. ‘त्रोंको’चा मूळ अर्थ झाडाचे खोड, पुढे कैद्याचे पाय अडकवण्याचे भोकांचे लाकूड आणि अखेर खुद्द बंदिशाळा, असा तो विस्तारत गेला. कवी कामोंइश 1553 मध्ये गोव्याकडे निघण्यापूर्वी लिस्बनच्या ज्या कैदखान्यात होता, त्याचे नावच ‘त्रोंको’ होते. हा अर्थविस्तार ज्यांना ओढूनताणून केलेला वाटतो, त्यांनी मराठीतील ‘खोड’ आणि कैद्याच्या पायातला ‘खोडा’ ही जोडी पाहावी. उच्चारात ‘त्र’ या जोडाक्षरात ‘उ’ शिरला, अनुनासिकानंतरच्या ‘क’चा ‘ग’ झाला आणि अंत्य स्वर गळाला.

पोर्तुगीज शब्द लॅटिन ‘त्रुंकुस’पासून आला. हे पुल्लिंगी नाम असून मराठीत जे काम सामान्यरूपाला लागणारे प्रत्यय करतात (तुरुंगात, तुरुंगाला), ते लॅटिनमध्ये शब्दाचा शेवट बदलून होते: प्रथमा ‘त्रुंकुस’, द्वितीया ‘त्रुंकुम’, षष्ठी ‘त्रुंकी’, चतुर्थी आणि पंचमी ‘त्रुंको’, तर प्रथमेचे अनेकवचनही ‘त्रुंकी’. ‘छाटलेला’ या अर्थाचे विशेषण मात्र तिन्ही लिंगांत ‘त्रुंकुस, त्रुंका, त्रुंकुम’ असे चालते. पोर्तुगीज नामे प्रथमेवरून आली असे अनेकांना वाटते. वस्तुतः ती बहुधा द्वितीयेवरून आली, आणि अंत्य ‘म’ गळून ‘त्रुंकुम’चे ‘त्रोंको’ झाले.

गैरसमज: मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या अमलात होता, म्हणून शब्द उर्दूचा. वस्तुस्थिती: अरबी मूळ ‘कैद’ या शब्दाचे आहे, ‘तुरुंग’चे नव्हे.

गैरसमज: सामानाच्या ‘ट्रंके’चा याच्याशी संबंध नाही. वस्तुस्थिती: तीही ‘त्रुंकुस’चीच लेक, फ्रेंच आणि इंग्रजीमार्गे आलेली.

गैरसमज: ‘जेल’ अस्सल इंग्रजी आहे. वस्तुस्थिती: त्याचे मूळ लॅटिन ‘कावेआ’, म्हणजे पिंजरा.

गैरसमज: लॅटिन संस्कृतातून निघाली. वस्तुस्थिती: दोन्ही एकाच इंडो-युरोपीय कुळातील बहिणी आहेत.

अर्थाचा प्रवास, ध्वनिबदल आणि शब्दाचा भौगोलिक आढळ हे तिन्ही जुळल्यावाचून कोणतीही व्युत्पत्ती ग्राह्य धरता येत नाही. ‘तुरंग’ या तिन्ही कसोट्यांवर नापास होतो, आणि पोर्तुगीज मूळ मान्य केल्याने मराठीला कोणताही कमीपणा येत नाही.