गहुंज्याची फाशी टळली ती कुणामुळे?

आज गहुंजे म्हटलं की क्रिकेटचं स्टेडियम आठवतं. मावळातल्या याच गावाच्या शिवारात नोव्हेंबर 2007 मध्ये, रात्रपाळीला निघालेल्या बीपीओतल्या एका तरुणीवर अत्याचार करून तिचा खून झाला. आरोपी होते तिला कामावर सोडणाऱ्या गाडीचा चालक आणि त्याचा मित्र. 2012 मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना फाशी सुनावली, त्याच वर्षी उच्च न्यायालयाने आणि 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तरी जुलै 2019 मध्ये उच्च न्यायालयाने फाशी रद्द केली. ‘वकिलांनी तारखा पाडून घेतल्या आणि सुटले’, असं लोक आजही म्हणतात.

सुटले नाहीत. दोषी ठरवणारा निकाल जसाच्या तसा आहे. फाशीऐवजी भोगलेला काळ धरून 35 वर्षांचा तुरुंगवास झाला. आणि तारखांचं म्हणाल, तर दयेचा अर्ज राज्यपालांनी मार्च 2016 मध्ये आणि राष्ट्रपतींनी मे 2017 मध्ये फेटाळला. उरलं होतं ते फक्त फाशीचं वॉरंट. येरवडा तुरुंगातून सत्र न्यायालयाला त्यासाठी पत्रं जात राहिली. वॉरंट निघालं एप्रिल 2019 मध्ये! फाशीचा दिवस ठरला 24 जून. जवळजवळ दोन वर्षं फाइल टेबलांवर पडून होती, त्यात वकिलांचा काय दोष? मरणाची टांगती तलवार विनाकारण लांबवणं घटनेच्या कलम 21 चा भंग ठरतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच सांगितलं होतं. दिरंगाई यंत्रणेची, बोल मात्र वकिलांना.

जन्मठेप म्हणजे 14 वर्षं, हा आणखी एक पक्का समज. गांधीहत्या खटल्यातल्या पुण्याच्या गोपाळ गोडसेंनी शिक्षेत मिळालेली सूट धरून सुटका मागितली, तेव्हा 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिलं: जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. फाशीयोग्य गुन्ह्यातल्या जन्मठेपेत 14 वर्षं ही सरकारला सूट देण्याआधीची किमान मुदत आहे, कैद्याचा हक्क नव्हे.

मावळातल्याच कोथुर्ण्याच्या चिमुरडीच्या खुनात मार्च 2024 मध्ये फाशी सुनावली गेली, तेव्हा ‘आता लटकवा’ असा सूर होता. पण सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलातच येत नाही. आरोपीने अपील केलं नाही तरीही.

राहिला धाक. जन्मठेपेपेक्षा फाशीचा धाक जास्त बसतो याला पुरावा नाही, असं विधी आयोगाने 2015 मध्ये म्हटलं आणि दहशतवाद व देशाविरुद्ध युद्ध पुकारण्याचे गुन्हे वगळता फाशी रद्द करावी अशी शिफारस केली. त्याआधी न्या. वर्मा समितीनेही बलात्कारासाठी फाशी सुचवली नव्हती. माझ्या मते संताप रास्तच आहे, पण तो चुकीच्या दारात ओतला जातो.

डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गहुंज्याचा निकाल कायम करताना राज्यांना बजावलं: दयेच्या अर्जांसाठी स्वतंत्र कक्ष नेमा.