पिकअप कमी होणे (मोटारगाडी)

मोटारगाडीचा ॲक्सिलरेटर दाबल्यावर तिचा वेग अपेक्षेपेक्षा सावकाश वाढणे, यास बोलीभाषेत पिकअप कमी होणे किंवा गाडी न ओढणे असे म्हणतात. हा स्वतंत्र बिघाड नसून बिघाडाचे लक्षण आहे. इंजिनाला मिळणारी हवा, इंधन व ठिणगी, ज्वलनानंतर वायू बाहेर पडण्याचा मार्ग आणि इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत नेणारी यंत्रणा, यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या दोषातून ते उद्भवू शकते. जुन्या स्पोर्ट्स प्रकारच्या गाड्यांत, विशेषतः टर्बोचार्जर असलेल्या गाड्यांत, एकाच लहान दोषामुळे अनेक महागडे भाग खराब झाल्याचा भास होतो. त्यामुळे भाग बदलण्यापूर्वी मोजमाप करणे हे या निदानाचे मुख्य तत्त्व आहे.

पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडा कंपनीच्या ऑक्टाव्हिया या गाडीचे उत्पादन २००१ मध्ये सुरू झाले. याच गाडीची आरएस ही वेगवान आवृत्ती २००४ मध्ये भारतीय बाजारात आली. तिचे इंजिन १,७८१ घन सेंटीमीटर क्षमतेचे, चार सिलिंडरांचे व टर्बोचार्जरयुक्त असून प्रत्येक सिलिंडरला पाच याप्रमाणे एकूण वीस झडपा आहेत. भारतीय आवृत्तीची कमाल शक्ती १५० अश्वशक्ती, तर कमाल टॉर्क २१० न्यूटन-मीटर होता. युरोपात विकल्या जाणाऱ्या आरएसची शक्ती १८० अश्वशक्ती होती. याच कुळातील इंजिने फोक्सवॅगन, आउडी व सीट या कंपन्यांच्या अनेक गाड्यांत वापरली गेली. त्यामुळे त्यांच्या दोषांची व तपासणीच्या पद्धतींची माहिती विस्तृत प्रमाणात उपलब्ध आहे.

या गाड्या आता सुमारे दोन दशके जुन्या झाल्या आहेत. रबर व प्लॅस्टिकचे भाग इंजिनाच्या उष्णतेने आणि वयोमानाने कडक होऊन तडकतात. गाडी कमी धावलेली असली तरी हे टळत नाही. पुढील विवेचनात मुख्यतः याच इंजिनाचे उदाहरण घेतले असले, तरी मूळ तत्त्वे बहुतेक पेट्रोल गाड्यांना लागू पडतात.

दोष नसलेली कारणे

समुद्रसपाटीपासूनची उंची वाढते तशी हवा विरळ होते. छत्रपती संभाजीनगर शहर सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे. तेथील हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत साधारण ६ ते ७ टक्के कमी असतो, आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती जवळपास त्याच प्रमाणात घटते. २५ अंश सेल्सिअसच्या तुलनेत ४० अंश तापमानाला हवेची घनता आणखी सुमारे ५ टक्क्यांनी कमी होते. म्हणून मुंबईत हिवाळ्यात चालविलेली टर्बो नसलेली गाडी मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मंद वाटणे स्वाभाविक आहे. टर्बोचार्जर उंचीमुळे होणारी घट बऱ्याच अंशी भरून काढतो. त्यामुळे टर्बो गाडीत मोठी घट जाणवल्यास ती केवळ उंचीची मानता येत नाही.

मूळ मापापेक्षा मोठे टायर, अधिक भार आणि चालू असलेले वातानुकूलन यांचाही परिणाम होतो. तपासणीपूर्वी या गोष्टी विचारात घेतल्या जातात.

पहिली विभागणी

निदानाची पहिली पायरी म्हणजे इंजिन शक्ती निर्माण करत नाही, की निर्माण झालेली शक्ती चाकांपर्यंत पोहोचत नाही, हे ठरविणे. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये मध्यम वेगाने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला असता इंजिनाचे फेरे झटकन वाढले पण गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढला नाही, तर क्लच प्लेट घसरत असते. फेरे व वेग दोन्ही सावकाश वाढत असतील, तर दोष इंजिनात किंवा चाकांच्या अडथळ्यात असतो. थोडे अंतर चालवून, ब्रेकचा फारसा वापर न करता गाडी थांबविल्यावर एखादे चाक इतरांपेक्षा बरेच गरम लागत असेल, तर त्या चाकाचा ब्रेक पूर्णपणे सुटत नाही असे समजते. ही तपासणी विनाखर्च असूनही अनेकदा वगळली जाते.

हवेची गळती व तिच्या खुणा

ऑक्टाव्हिया आरएसमध्ये हवा एअर फिल्टरमधून येते. तिचे वस्तुमान एमएएफ सेन्सर मोजतो, टर्बोचार्जर तिला दाबतो, इंटरकूलर थंड करतो आणि थ्रॉटलमधून ती इंजिनात जाते. नियंत्रक संगणक मोजलेल्या हवेनुसार इंधन सोडतो. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी एक भाग इंधनास वस्तुमानाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. मोजलेली हवा आणि प्रत्यक्ष जळणारी हवा यांत फरक पडला की मिश्रण बिघडते. गळती कोठे आहे यावर त्याचे स्वरूप अवलंबून असते.

सेन्सर व टर्बो यांच्या मधल्या पाइपला चीर असेल, तर न मोजलेली हवा आत ओढली जाते आणि मिश्रणात इंधन कमी पडते. टर्बो व थ्रॉटल यांच्या मध्ये गळती असेल, तर इंजिन संथ चालताना फारसा फरक जाणवत नाही. परंतु दाब निर्माण होताच मोजलेली हवा बाहेर निसटते, इंधन मात्र पूर्ण प्रमाणात सोडले जाते, आणि काळा धूर व मंद पिकअप अशी लक्षणे दिसतात. थ्रॉटलच्या पुढील नळीत गळती असल्यास दोन्ही खुणा आढळतात: संथ चालताना तेथे निर्वात असल्याने बाहेरची हवा आत येऊन इंधन कमी पडते, तर दाबाखाली तीच नळी हवा बाहेर टाकते आणि इंधन जास्त होते. एकाच गाडीत अशी परस्परविरोधी लक्षणे दिसली की सेन्सर, इंधनपंप व टर्बो असे तिन्ही भाग संशयित ठरतात. प्रत्यक्षात दोष कमी किमतीच्या नळीत असू शकतो.

गळती शोधण्यासाठी इंजिन बंद ठेवून हवेच्या मार्गात साधारण अर्धा बार दाबाची हवा सोडतात आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावतात. पंक्चर शोधताना दिसतात तसे बुडबुडे गळतीच्या जागी दिसतात. या इंजिनातील डायव्हर्टर झडपेचा रबरी पडदा फाटल्यासही दाबलेली हवा टर्बोच्या आधीच्या बाजूस परत जाते.

टर्बोचार्जरची तपासणी

गळती नाही हे निश्चित झाल्यावरच टर्बोकडे वळणे योग्य ठरते. टर्बोचा दाब मर्यादित ठेवणारी वेस्टगेट झडप उघडी अडकली असल्यास, किंवा तिला नियंत्रित करणाऱ्या सोलेनॉइड झडपेच्या नळ्या तडकल्या असल्यास, दाब कमी राहतो. टर्बोच्या पात्यांचा दांडा बोटांनी हलवून पाहिला असता तो आत-बाहेर जाणवण्याइतका सरकणे किंवा पाती भिंतीला घासणे, ही झीज झाल्याची खूण आहे. सतत निळसर धूर येत असल्यास टर्बोतून तेल झिरपत असण्याची शक्यता तपासतात, मात्र इंजिनाच्या रिंगा झिजल्यासही असाच धूर येतो.

इंधन

इंधनपंप कमकुवत झाल्यास किंवा फिल्टर तुंबल्यास इंजिन संथ गतीत नीट चालते, परंतु भार येताच इंधन अपुरे पडते. या इंजिनात इंधनाचा दाब सुमारे ३ बार असावा लागतो. केवळ संथ गतीत मोजलेला दाब पुरेसा नसतो. भाराखालीही तो टिकतो का हे पाहावे लागते.

भारतात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. इथेनॉलला जळण्यासाठी कमी हवा लागते. त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत संगणकाला इंधनाचे प्रमाण काही टक्क्यांनी वाढवावे लागते. जुन्या गाडीत ही वाढ इंधन दुरुस्तीच्या आकड्यांत दिसते आणि ती गळतीची खूण समजली जाऊ शकते. इथेनॉल पाणी शोषून घेते, तसेच त्यासाठी न बनविलेल्या जुन्या रबरी नळ्यांवर त्याचा परिणाम होतो. म्हणून बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीत टाकीतील पेट्रोल व नळ्या दोन्ही तपासल्या जातात. पेट्रोलचा ऑक्टेन अंक आवश्यकतेपेक्षा कमी असल्यास नॉक सेन्सर ठिणगीची वेळ मागे घेतो आणि शक्ती घटते.

ठिणगी

सिलिंडरमधील दाब जितका अधिक, तितका ठिणगी पडण्यासाठी लागणारा विद्युतदाब अधिक असतो. म्हणून झिजलेले प्लग व कमकुवत कॉइल असलेली टर्बो गाडी संथ गतीत सुरळीत चालते आणि दाब वाढताच मिसिंग करते. या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल आहे. संशयित कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर लावून मिसिंगचा दोष तिच्याबरोबर सरकतो का हे पाहणे, ही कॉइल तपासण्याची सोपी व विश्वासार्ह पद्धत आहे. दोष मूळ सिलिंडरवरच राहिल्यास प्लग, इंजेक्टर किंवा सिलिंडरचा दाब तपासावा लागतो. सिलिंडरचा दाब मोजताना एका आकड्यापेक्षा चारही सिलिंडरांचे आकडे एकमेकांजवळ असणे अधिक महत्त्वाचे असते. चारही ठिकाणी दाब सारखाच कमी आढळल्यास टायमिंग बेल्ट दात सोडून बसला आहे का हे पाहतात.

निकासमार्ग

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून वितळला किंवा तुंबला असल्यास इंजिनाला जळलेले वायू बाहेर टाकता येत नाहीत. गाडी कमी फेऱ्यांत ठीक वाटते आणि फेरे वाढताच दमते. मिसिंग करणारी गाडी दीर्घकाळ चालविल्यास न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळून तो नादुरुस्त होतो. अशा वेळी केवळ कन्व्हर्टर बदलल्यास नवा भागही त्याच कारणाने निकामी होतो.

त्रुटीसंकेतांचा अर्थ

स्कॅनर जोडल्यावर मिळणारा त्रुटीसंकेत बिघडलेल्या भागाचे नाव सांगत नाही. संगणकाला कोणते मापन अनपेक्षित वाटले एवढेच तो सांगतो. पी०१७१ हा संकेत मिश्रणात इंधन कमी असल्याचे दर्शवितो. त्याचे कारण फाटलेली नळी, कमकुवत पंप किंवा चुकीचे माप देणारा सेन्सर यांपैकी काहीही असू शकते. पी०३०० हा संकेत एकापेक्षा अधिक सिलिंडरांत मिसिंग होत असल्याचे सांगतो.

संकेतांपेक्षा चालू मोजमापे अधिक उपयुक्त असतात. ढोबळ नियमानुसार, पूर्ण ॲक्सिलरेटरवर वरच्या फेऱ्यांत एमएएफ सेन्सरने दाखविलेला दर सेकंद ग्रॅमचा आकडा १.२५ ने गुणल्यास इंजिनाच्या अश्वशक्तीचा अंदाज येतो. १५० अश्वशक्तीच्या इंजिनात तो आकडा १२० ग्रॅमच्या आसपास असावा. तो फारच कमी असेल, तर हवा खरोखरच कमी येते किंवा सेन्सर कमी मोजतो. टर्बोचा दाब त्याच वेळी नोंदवून या दोन शक्यता वेगळ्या करता येतात.

घाटातील चाचणी व खबरदारी

दुरुस्तीपूर्वी व दुरुस्तीनंतर एकाच चढावर, तेवढ्याच भारासह व शक्यतो सारख्या तापमानात नोंद घेतल्यास तुलना अर्थपूर्ण ठरते. वेरूळहून खुलताबादकडे चढणारा घाट अशा चाचणीस पुरेसा भार देतो. दुसऱ्या गिअरमध्ये २,००० ते ३,५०० फेऱ्यांदरम्यानची नोंद त्यासाठी पुरते; अतिवेगाची गरज नसते. नोंद सहप्रवाशाने घेणे आवश्यक आहे.

या रस्त्यावर वेरूळ लेणी व घृष्णेश्वर मंदिराकडे जाणाऱ्या पर्यटकांची व भाविकांची वर्दळ असते. श्रावणात भद्रा मारुतीच्या दर्शनासाठी अनेक भाविक पायी खुलताबादला येतात. अशा दिवशी तेथे चाचणी घेणे धोकादायक आहे. पिकअप कमी असलेल्या गाडीने घाटात ओव्हरटेक करणे अधिक धोक्याचे असते, कारण लागणारे अंतर चालकाच्या सवयीच्या अंदाजापेक्षा वाढलेले असते. ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी अधूनमधूनच ओढत असेल, किंवा इंजिन तपासणीचा दिवा लुकलुकत असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत गाडीवर भार टाकणे टाळतात.

चढ पूर्ण झाल्यावर टर्बो इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर संथ चालू ठेवतात. त्यामुळे टर्बोच्या तापलेल्या बेअरिंगमधील तेल जळून साचत नाही.