अंतराळात एकांत नसतो, दाटीवाटी असते

गेल्या हिवाळ्यात नामपूरजवळच्या एका मळ्यात आम्ही मुलांना तारे दाखवत होतो. दहावीतला एक मुलगा म्हणाला, “सर, रात्रीची लाईट आली की मी एकटाच कांद्याला पाणी भरतो. पहाटेपर्यंत कुणाशी बोलणं नाही. मी एकलकोंडाच आहे. मला अंतराळात सहज जमेल.”

त्याची उमेद मला मनापासून आवडली. त्याच्या बोलण्यातले गैरसमज मात्र मोठ्यांच्याही मनात असतात.

गैरसमज 1 : एकलकोंडी माणसं अंतराळासाठी योग्य.

वस्तुस्थिती : अंतराळवीराच्या वाट्याला एकांत फारसा येतच नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात एरवी सात जण साधारण सहा महिने राहतात. झोपायला प्रत्येकाला जुन्या पीसीओ बूथएवढी जागा. 2025 मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला आणखी तिघांसोबत तिथे गेले, तेव्हा माणसं अकरा झाली. तीच तोंडं, तेच आवाज, त्याच सवयी, आणि दिवसभराच्या कामावर पृथ्वीवरून नजर. मळ्यातला मुलगा पहाटे मोटार बंद करून घरी जातो, आईच्या हातचा चहा पितो. स्थानकात कुणाचा राग आला तरी रात्रीचं जेवण त्याच्यासोबतच करावं लागतं.

गैरसमज 2 : म्हणजे बोलकी माणसंच हवीत.

वस्तुस्थिती : तसंही नाही. ज्याला सतत नवी माणसं लागतात, त्याला तिथे घुसमट होऊ शकते. अंतर्मुख आणि बहिर्मुख असे माणसांचे दोन कप्पे नसतात. ती एक मोजपट्टी आहे आणि बहुतेक लोक तिच्या मधल्या भागात असतात. वर्गात गप्प बसणारा मुलगा कबड्डीच्या मैदानावर सगळ्यांत जास्त ओरडतो. मग त्याला कोणती पाटी लावायची? दीर्घ मोहिमांसाठी संघात काम करणं, एकत्र राहणं, स्वतःची काळजी घेणं, वेळ पडल्यास नेतृत्व करणं आणि वेळ पडल्यास दुसऱ्याचं ऐकणं, अशी कौशल्यं नासा तपासते.

गैरसमज 3 : माझा स्वभाव मला माहीत आहे, तेवढं पुरे.

वस्तुस्थिती : 1984 मध्ये अंतराळात गेलेल्या राकेश शर्मांना निवडीच्या वेळी बंगळुरूला 72 तास एका खोलीत बंद ठेवलं होतं. बंदिस्त जागेची सुप्त भीती आहे का, हे त्यात पाहायचं होतं. कसलेल्या लढाऊ वैमानिकाच्याही ‘मला भीती वाटत नाही’ एवढ्या शब्दावर कुणी विसंबलं नाही. आपण कसे आहोत हे आपण सांगतो ते सहसा सोयीच्या प्रसंगांवरून. थकलेल्या, कोंडलेल्या अवस्थेत आपण कसे वागतो, ते तशा अवस्थेतच कळतं.

गैरसमज 4 : एकदा निवड झाली की मन पक्कंच.

वस्तुस्थिती : मॉस्कोमध्ये 2010-11 साली ‘मार्स-500’ हा प्रयोग झाला. पारखून निवडलेले सहा जण मंगळमोहिमेच्या नकली यानात 520 दिवस बंद राहिले. मोहीम पूर्ण झाली, पण अनुभव सारखे नव्हते. कुणाची झोप बिघडली, एकामध्ये नैराश्याची लक्षणं दिसली, दोघांना विशेष त्रास झाला नाही. आपसातल्या खटक्यांपेक्षा नियंत्रण कक्षाशी झालेले खटके पाचपट नोंदले गेले. म्हणजे तज्ज्ञांनी केलेल्या निवडीलाही मर्यादा असतात. खऱ्या मंगळमोहिमेत पृथ्वीपर्यंत शब्द पोहोचायला 20 मिनिटांहून अधिक वेळ लागू शकतो. तेव्हा धीराचा शब्द शेजारच्या माणसाकडूनच मिळणार.

गैरसमज 5 : खरा धाडसी माणूस कुणावर अवलंबून नसतो.

वस्तुस्थिती : आपल्या कमांडर दिलीप दोंदे यांचं उदाहरण घ्या. 19 ऑगस्ट 2009 रोजी ते मुंबईहून ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीने निघाले आणि 19 मे 2010 रोजी परतले. एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पण ही बोट गोव्यात अनेक हातांनी बांधली, व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी पाठीशी उभे राहिले, वाटेत चार बंदरांत थांबून डागडुजी झाली आणि किनाऱ्यावरून मदत करणारी माणसं होती. समुद्रात नऊ महिन्यांची ही सफर करण्याआधी तयारीची जवळपास तीन वर्षं गेली होती.

त्या मुलाला मी एवढंच सांगितलं : रात्रीचं पाणी भरणं तुला धीर शिकवतंय, त्याचा अभिमान बाळग. पण ‘मी एकलकोंडा’ ही पाटी पुसून टाक. भांडणानंतर आधी बोलायला जाणं, दमलो तर तसं सांगणं, वेळेवर झोपणं, दुसऱ्याची चूक पोटात घालणं, याचा घरात आणि शाळेत सराव कर. अंतराळवीराला रोज हेच करावं लागतं, आणि त्याची सुरुवात नामपुरातूनही करता येते.