जंताचीं औषधें आणि घरोघरचीं फडताळें

आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं नुकतीच मुलाच्या अंगावर खरूज उठली. डाक्टरकडे जाण्यापूर्वीं वडील मंडळींनीं फडताळ उघडलें, व त्यांतून आयव्हरमेक्टिनच्या चार गोळ्या बाहेर निघाल्या. २०२१ सालच्या करोनाच्या साथींत घेऊन ठेवलेल्या पट्टीचा तो शेष होय. पट्टी कात्रीनें कापलेली होती. ज्या टोकावर मुदतीची तारीख छापलेली असते तें टोक दुकानांतच राहिलेलें. गोळ्या मात्र दिसावयास कोऱ्या करकरीत. ‘चांगल्या दिसतात, मग द्यावयास हरकत काय?’ असा प्रश्न आम्हांस विचारण्यांत आला. तो एका घरापुरता नाहीं, म्हणून त्याचा येथें विचार करण्याचें योजिलें आहे.

हें औषध इतक्या घरांत शिरलें कसें, हें वाचकांस आठवत असेलच. मे २०२१ मध्यें गोवा सरकारनें अठरा वर्षांवरील सर्वांस तें पांच दिवस देण्याचें जाहीर केलें. त्यापूर्वींच, मार्चअखेर, जागतिक आरोग्य संघटनेनें संशोधनाच्या चांचण्यांखेरीज करोनावर तें वापरूं नये असें सांगितलें होतें, आणि त्याच वर्षीं केंद्राच्या उपचारविषयक सूचनांतूनही तें गळलें. वस्तुतः परोपजीवी जंतूंवर हें औषध मोठ्या योग्यतेचें आहे. त्याचा पाया घालणारे विल्यम कॅम्बेल व सातोशी ओमुरा यांस २०१५ सालच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वांटा मिळाला तो कांहीं उगीच नव्हे. परंतु जें काम त्याचें नव्हे त्यासाठीं तें घरांत आलें, आणि पुष्कळ घरीं न वापरतां तसेंच पडून राहिलें.

आतां मुदतीविषयीं. आमच्या लोकांत याबद्दल दोन तऱ्हेचे समज आढळतात. कोणी म्हणतो, तारीख उलटली कीं दुसऱ्या दिवशीं औषधाचें विष होतें. कोणी म्हणतो, तारीख ही कारखानदाराची माल खपविण्याची युक्ति आहे. दोन्ही समज चुकीचे आहेत. छापलेल्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत औषधांतील गुण ठराविक मर्यादेंत राहील, अशी ती कारखानदाराची हमी आहे. आणि ही हमी वेष्टनावर लिहिलेल्या अटींनीं बांधलेली आहे. अमेरिकेच्या सैन्यासाठीं १९८६ पासून जुन्या साठ्यांची तपासणी होत आली आहे. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या हिशेबांत १२२ औषधांच्या ३,००५ बॅच तपासल्या असतां शेंकडा ८८ बॅचची मुदत निदान एक वर्षानें वाढवितां आली. हें वाचून कोणी हर्षभरित होऊन फडताळाकडे धांवूं नये. तो माल मूळच्या बंद वेष्टनांत, उष्णता व ओल यांवर नजर ठेवून सांभाळलेला होता, व प्रत्येक बॅचची प्रयोगशाळेंत परीक्षा झाली होती. आमच्या फडताळाची परीक्षा कोण करतो?

‘३० अंशांखालीं, कोरड्या जागीं, उजेडापासून दूर ठेवावें,’ असें वेष्टनावर बारीक अक्षरांत छापलेलें असतें. वैशाखांत नागपूर-चंद्रपुराकडे पारा ४५ च्या वर जातो. कोंकणांत चार महिने मिठालासुद्धां पाणी सुटतें. अशा देशांत स्वयंपाकघरांतील शेगडीवरचा कोनाडा, न्हाणीघरांतील आरशामागची फळी, किंवा उन्हांत उभ्या मोटारीचा खण, या जागा औषधाच्या नव्हेत. हिंवतापावरील आर्टेसुनेटसारखें औषध तर ओलीनें विघटन पावतें, आणि तेथें कमी गुणाची मात्रा गेली तर ताप उतरल्यासारखा वाटून पुन्हां उलटतो; फाल्सिपेरम जातीच्या तापांत हा विलंब जिवावर बेततो. मुदतबाह्य औषधाचें खरें भय बहुधा हेंच, कीं औषध घेतलें या समाधानांत रोग वाढूं दिला जातो.

अल्बेंडाझोलच्या पातळ औषधाची कथा निराळीच. बाटली एका मुलासाठीं उघडतात, उरलेलें दुसऱ्यासाठीं ठेवतात. परंतु छापलेली तारीख न उघडलेल्या बाटलीची असते, हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. शिवाय औषधाचा साका तळाशीं बसतो. न हलवितां ओतलें तर पहिल्या मुलास पाणी व शेवटच्यास दुणी मात्रा! उघडल्याची तारीख बाटलीवर लिहावी, आणि वेष्टनावर दिलेल्या अवधीनंतर ती ठेवूं नये. २०१५ पासून चाललेल्या जंतनाशक दिनीं १ ते १९ वर्षांच्या मुलांस शाळेंत वा अंगणवाडींत समोर बसवून गोळी चघळावयास लावतात, घरीं नेऊं देत नाहींत. आमच्या मतें त्या योजनेंतील शहाणपणाचा भाग हाच.

औषधविक्रेत्या बंधूंसही दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. मुदत संपलेला माल विकणें १९४५ च्या औषध नियमांनीं निषिद्ध आहे, व बहुतेक दुकानदार तें पाळतात. परंतु कात्रीचें काय? पट्टी नेहमीं तारखेच्या विरुद्ध टोकाकडून कापावी, सुट्या गोळ्यांच्या पाकिटावर नांव, बॅच व मुदत लिहावी. याला अर्धें मिनिट लागतें. ज्याची मुदत आधीं संपावयाची तो माल पुढें मांडावा. पश्चिमेकडे तोंड असलेल्या कांचेच्या कपाटांत ऊन येत असेल तर तेथें रिकामीं खोकीं मांडावीं, औषधें नव्हेत. पत्र्याच्या गुदामांत भर उन्हाळ्यांत पेट्या आठवडाभर पडूं देणारा व्यापारी तर स्वतःच्याच मालाचा गुण उन्हांत वाळवीत असतो.

आमच्या स्नेह्यांनीं त्या चार गोळ्या दिल्या नाहींत. मुलाचें वजन १५ किलोंहून कमी, व तेवढ्या लहानग्यांस हें औषध सामान्यतः देत नाहींत. हें तारखेहूनही मोठें कारण होतें. डाक्टरांनीं पर्मेथ्रिनचें मलम दिलें आणि घरांतील सर्वांनीं एकाच वेळीं लावावें असें बजावलें. राहिला प्रश्न त्या गोळ्यांचा. त्या मोरींत टाकणें बरें नव्हे, कारण आयव्हरमेक्टिन पाण्यांतील सूक्ष्म जीवांस फार घातक आहे. कचऱ्यांत उघड्या टाकल्या तर कोणा पोराच्या वा जनावराच्या तोंडीं जावयाच्या. नगरपालिकांनीं आपल्या प्रत्येक दवाखान्यांत मुदतबाह्य औषधांसाठीं एक कुलूपबंद पेटी ठेवावी, व ती दवाखान्याच्या इतर घातक कचऱ्याबरोबर विधिपूर्वक जाळण्यास पाठवावी. त्यासाठीं नवें खातें उघडण्याची गरज नाहीं. कचऱ्याची गाडी दवाखान्यांत येतेच आहे.