कोणती मतपत्रिका मागायची?

अमेरिकेतल्या ज्या मतदाराला आपण सहज ‘कुंपणावरचा’ म्हणतो, त्याचे कुंपण न्यू हॅम्पशायरमध्ये मला नीट दिसले. तिथे पक्ष न नोंदवलेल्या मतदाराला प्राथमिक निवडणुकीत कोणत्याही पक्षाची मतपत्रिका मागता येते, पण एकाच. माझ्या मते त्याची खरी कसोटी इथेच लागते.

१ फेब्रुवारी २००० रोजी त्याला खुणावणारे दोघे होते: रिपब्लिकन जॉन मॅकेन आणि डेमोक्रॅट बिल ब्रॅडली. निवडणुकीतला बडा पैसा रोखा, हे दोघांचेही म्हणणे. मत मात्र एकालाच! बरेच जण मॅकेनकडे वळले. मॅकेननी जॉर्ज बुश यांना १८ टक्क्यांच्या फरकाने हरवले. ब्रॅडली अल गोर यांच्याकडून अवघ्या चार टक्क्यांनी हरले. मार्चमध्ये दोघेही शर्यतीबाहेर.

नोव्हेंबरात त्याच मतदारापुढे बुश, गोर आणि राल्फ नेडर. राज्यात नेडरना २२ हजारांहून अधिक मते. बुश यांची आघाडी ७,२११. चर्चा होते ती फ्लोरिडातल्या ५३७ मतांची. पण न्यू हॅम्पशायरची चार निर्वाचक मते गोरना मिळती, तर त्यांना फ्लोरिडाची गरजच उरली नसती.